डोहाळे आणि कळा यांच्या मधली पाठ

मराठीत गर्भारपणासाठी शब्दांची वानवा नाही. बाईला दिवस जातात, ती पोटुशी असते, गर्भार असते, दोन जिवांची असते. पुढे ती अवघडते, तिचे दिवस भरत येतात आणि अखेर तिला कळा सुरू होतात. आरंभी डोहाळे आणि शेवटी कळा, या दोन टोकांवर आपली भाषा आणि आपले साहित्य मनापासून रमलेले दिसते. त्यांच्या मध्ये जे चार-पाच महिने असतात, त्या महिन्यांत अंथरुणातून उठताना, फरशी पुसायला वाकताना, एस.टी.च्या पायरीवर पाऊल ठेवताना जी पाठ दुखते, तिच्याविषयी मात्र आपले लिखित साहित्य जवळजवळ गप्प आहे. या गप्पपणाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय वाचून काही वाचक म्हणतील की हे आरोग्याच्या सदरात शोभणारे प्रकरण. साहित्याच्या अध्यापकांनी त्यात कशाला पडावे? आमचे म्हणणे असे की ही बाब जितकी वैद्यकाची आहे तितकीच भाषेची आहे, आणि म्हणून आमच्या अखत्यारीतली आहे. गरोदर बाईच्या पाठीचे दुखणे हे बहुतेक वेळा बोलले जाते एका वाक्यात, आणि ते मिटवलेही जाते एकाच वाक्यात. ती म्हणते, ‘पाठ दुखते.’ समोरून उत्तर येते, ‘हे चालायचेच.’ या दोन वाक्यांच्या दरम्यान काय काय हरवते, हे पाहणे हे आमचे काम नव्हे, तर मग कोणाचे?

आधी दुखण्याचे वास्तव पाहू. गर्भवतीचे वजन सर्वसाधारणपणे दहा-बारा किलोंनी वाढते आणि त्यातले बरेचसे पुढच्या बाजूला येते. शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तोल जाऊ नये म्हणून बाई कमरेतून मागे रेलते. कमरेचा नैसर्गिक बाक वाढतो आणि पाठीच्या स्नायूंना दिवसभर ओढ बसते. पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे पाठीला पुढून मिळणारा आधार कमी होतो. त्यातच गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैलावतात. प्रसूतीला वाट मिळावी म्हणून शरीराने केलेली ही तजवीज असते, पण तिची किंमत माकडहाड, खुबे आणि कंबर यांना मोजावी लागते. गर्भारपणातल्या पाठदुखीवरील चाचण्यांचा एक मोठा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात ३४ चाचण्या आणि ५,१२१ स्त्रियांची माहिती होती. गर्भवतींपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणींना कंबरदुखी होते आणि सुमारे एक पंचमांश जणींना ओटीपोटाच्या सांध्यांचे दुखणे होते, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे हे दुखणे अपवादाचे नाही. बहुसंख्य स्त्रियांचा हा अनुभव आहे.

या दुखण्याचा इतिहासही मोठा आहे. कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लीबरमन या तीन संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेच्या मणक्यांपैकी पाचरीसारख्या आकाराचे मणके पुरुषात दोन असतात, तर स्त्रीत तीन. त्यामुळे गर्भाचे ओझे असताना स्त्रीला अधिक सुरक्षितपणे मागे रेलता येते. हाच फरक त्यांना सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकस या आपल्या दूरच्या पूर्वजाच्या अवशेषांतही आढळला. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून गर्भार स्त्रीच्या पाठीवर भार आहे, आणि उत्क्रांतीने त्या भाराची दखल घेऊन तिच्या कण्यात बदल केला, असा याचा अर्थ. निसर्गाने जी दखल घेतली ती संस्कृतीने कितपत घेतली, हा पुढचा प्रश्न.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा एक धोका येथेच नमूद करावा लागतो. एखादी गोष्ट नैसर्गिक आहे असे म्हणताच ती मुकाट्याने सोसावी असा अर्थ आपल्याकडे आपोआप निघतो. वस्तुतः या दोन विधानांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू होणे नैसर्गिकच असते. म्हणून आपण आजोबांना ‘हे चालायचेच’ असे सांगून आंधळे होऊ देत नाही. वर उल्लेखिलेल्या आढाव्यातही व्यायामाने हे दुखणे कमी होते, कामातल्या रजा कमी पडतात, असे सुचवणारे पुरावे आहेत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेणे, उभे राहून काम करताना एक पाय आलटून पालटून ठेंगण्या चौरंगावर ठेवणे, वाकताना कमरेऐवजी गुडघ्यांतून वाकणे, चालत राहणे, अशा साध्या गोष्टींनीही पुष्कळ जणींना उतार पडतो. म्हणजे दुखणे नैसर्गिक असले तरी निरुपाय नाही.

आता साहित्याकडे वळू. संस्कृत काव्यात गर्भवतीची वर्णने विपुल आहेत आणि ती बारकाईने केलेली आहेत. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या गर्भारपणाचे वर्णन येते. तिचा फिकटलेला चेहरा, अंगावरून कमी झालेले दागिने, माती खाण्याची तिची ओढ, हे सारे कालिदासाने टिपले आहे. त्यातच एका श्लोकात राजा दिलीप अंतःपुरात येतो तेव्हाचा प्रसंग आहे. गर्भाच्या भारामुळे राणीला आसनावरून उठायला प्रयास पडतात. स्वागतासाठी हात जोडतानाही ते हात शिणलेले असतात. कालिदासाची नजर किती सूक्ष्म होती हे येथे कळते. ज्या बाईने सातव्या-आठव्या महिन्यात जमिनीवरून किंवा ठेंगण्या आसनावरून उठण्याचा खटाटोप केला आहे, तिला या श्लोकातली एकूण एक हालचाल ओळखू येईल. पण त्या श्लोकाचे क्रियापद कोणाचे आहे, हे पाहण्यासारखे आहे. ते राजाचे आहे. तो हे पाहून आनंदतो. उठण्याचे कष्ट राणीचे आणि त्यातून निष्पन्न होणारा आनंद राजाचा, अशी त्या श्लोकाची रचना आहे. राणीला त्या क्षणी कमरेत काय वाटले, हा प्रश्न त्या काव्याच्या चौकटीत उद्भवतच नाही. कालिदासाला दोष द्यावा असे यात काही नाही. वंशाची कथा सांगणाऱ्या काव्यात गर्भ हाच नायक असणार. पण दुखणे दिसते आणि तरी ते पाहणाऱ्याच्या खात्यावर जमा होते, ही पद्धत तेथून आपल्याकडे कशी चालत आली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भवभूती या बाबतीत अधिक जवळचा वाटतो. आणि तो मूळचा विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला म्हणून नव्हे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात गर्भवती सीता पूर्वायुष्याची चित्रे पाहता पाहता थकते आणि रामाच्या बाहूची उशी करून झोपी जाते. थकलेल्या गर्भार शरीराला टेकायला काहीतरी लागते, ही साधी गोष्ट संस्कृत नाटकात याहून अधिक उत्कटतेने आलेली आम्हांला ठाऊक नाही. त्याच अंकात लोकापवादाची वार्ता येते आणि रामाला तो हात काढून घ्यावा लागतो. सीतात्यागाची चर्चा करताना आपण राजधर्म, पतिधर्म, लोकाराधन अशा मोठमोठ्या संज्ञा वापरतो. त्या आवश्यकच आहेत. पण त्या त्यागाची पहिली कृती म्हणजे एका अवघडलेल्या बाईच्या मानेखालचा आधार काढणे, ही आहे. वर्गात हा अंक शिकवताना एवढ्या एका कृतीवर थांबलो तर विद्यार्थी गंभीर होतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांच्या घरी कोणीतरी नुकतेच बाळंतपणाला आलेले असते. त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

‘डोहाळे’ हा शब्दही या संदर्भात तपासण्याजोगा आहे. संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहल’ आणि त्यावरून आपले डोहाळे. गर्भाला चेतना येते तेव्हा स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिला दौहृदिनी म्हणावे, असे स्पष्टीकरण सुश्रुताने दिले आहे. कल्पना विलक्षण सुंदर आहे. तिचा एक परिणाम मात्र असा झाला की गर्भवतीच्या इच्छेला आपल्या संस्कृतीत प्रतिष्ठा मिळाली, कारण ती इच्छा गर्भाची मानली गेली. तिच्या दुखण्याला ती प्रतिष्ठा मिळाली नाही, कारण ते दुखणे तिचे एकटीचे होते. चिंचेचे बुटुक मागणाऱ्या सुनेला घर कौतुकाने चिंच आणून देते. पाठीला टेकायला तक्क्या मागणारी सून मात्र नाजूक ठरते. डोहाळजेवणाचा सोहळा पाहावा. फुलांची वाडी भरलेली, हिरवी साडी नेसलेली गर्भवती बिनपाठीच्या चौरंगावर किंवा झोपाळ्यावर दोन-दोन तास ताठ बसलेली असते. सुवासिनी ओटी भरतात, वाटीखाली पेढा की बर्फी यावर हसतात, हातात धनुष्यबाण देऊन छायाचित्रे काढतात. सोहळा आनंदाचाच असतो आणि तो असावाच. पण त्या दोन तासांत तिची कंबर भरून आली आहे का, हे विचारणारी बाई त्या मंडळीत बहुधा एखादीच असते. आणि ती आजी असते.

ही आजी कोठून बोलते? लिखित साहित्याच्या बाहेरून. जात्यावरच्या ओवीत बाईच्या शरीराला जेवढी जागा मिळाली तेवढी आपल्या छापील काव्यात क्वचितच मिळाली असेल. दळताना खांदा, मनगट, कंबर सारेच कामाला लागलेले असते. ओवीची लयच मुळी त्या हालचालीतून आलेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या, आणि २०१७पासून त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर ऐकायलाही मिळतात. या ओव्यांत माहेर, भाऊ, सासुरवास यांच्याबरोबर बाईचे श्रम आहेत आणि शिणही आहे. आमच्या मते गर्भारपणातल्या शरीराचा मराठी शब्दसंग्रह शोधायचा तर सुरुवात येथून करावी लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुशोधप्रबंधासाठी विषय हवे असतात, हा घ्यावा.

दुसरी सुरुवात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपासून करता येईल. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकात महारवाड्यातल्या कोवळ्या वयाच्या मुलींच्या बाळंतपणाचे जे चित्र आहे, ते वाचताना वाचकाचा श्वास अडकतो. तेथे बाळंतिणीला पोटभर अन्न नाही, अंगावर धड कापड नाही. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूकाम हा केवळ तपशील राहत नाही, बसून, वाकून, सतत हात चालवून केलेले ते काम पुस्तकाची विणच ठरवते. या लेखिकांनी शरीर लाजेखाली झाकले नाही, कारण शरीराच्या श्रमाखेरीज त्यांच्या जगण्यात दुसरे भांडवल नव्हते. मध्यमवर्गीय कादंबरीने गर्भारपणाला बहुधा दोनच कामे दिली: कथानकात कलाटणी आणणे, किंवा नायिकेच्या मनाची घालमेल दाखवणे. उलटी झाली की वाचकाने ओळखायचे, आणि पुढच्या प्रकरणात पाळणा हलायचा. मधली पाठ कोणी लिहायची?

येथे ‘कणा’ या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेने हा शब्द मराठी मनात कायमचा कोरला. पुरात सर्वस्व गमावलेला विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही; पाठीवर हात ठेवण्याची मागणी करतो. त्या कवितेच्या थोरवीविषयी आम्हांला शंका नाही, आणि शिक्षक म्हणून ती आमची स्वतःची कविता आहे. पण तिच्यानंतर मराठीत कणा म्हणजे स्वाभिमान, ताठपणा, न मोडणे, असे समीकरण रूढ झाले. कणा असलेला माणूस वाकत नाही, असे आपण भाषणातून सहज बोलून जातो. गर्भवतीचा कणा मात्र वाकतो, वाकावाच लागतो. त्याचे सामर्थ्यच त्या वाकण्यात आहे. तो ताठ राहिला तर ती तोंडघशी पडेल. आमची सूचना एवढीच, की रूपक म्हणून वापरून वापरून ज्या अवयवाला आपण गुळगुळीत केले आहे, तो अवयव म्हणूनही अधूनमधून पाहावा. पाठीवरचा हात हे जसे धीराचे प्रतीक आहे, तसे ते आठव्या महिन्यातल्या बाईच्या कमरेवर खरोखरच ठेवायची गोष्टही आहे.

भाषेचा मुद्दा आता अधिक नेमका करू. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेमासाठी आणि चिंतनासाठी इंग्रजीकडे समर्थ शब्द आहेत, परंतु डोकेदुखीसाठी आणि हुडहुडीसाठी ती भाषा दरिद्री आहे, अशी त्यांची तक्रार होती. पुढे १९८५ साली एलेन स्कॅरी यांनी वेदना भाषेलाच उद्ध्वस्त करते असा सिद्धांत मांडला. आपल्याकडे स्त्रीवादी समीक्षेत या दोघींचा आधार वारंवार घेतला जातो. पण मराठीच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही, असे आमचे मत आहे. मराठी बोलीत दुखण्याला काय शब्द कमी आहेत? कळ येते, चमक मारते, उसण भरते, ठणका लागतो, ठसठसते, रग लागते, कंबर धरते, पाठ भरून येते, पाय शिणतात, पोटरीत गोळा येतो, अंग मोडून येते, कमरेचा काटा ढिला होतो. यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. चमक क्षणात येते आणि जाते. रग सावकाश साठत जाते. उसण हलू देत नाही. ठणक्याला ताल असतो. म्हणजे आपली अडचण शब्दांच्या अभावाची नाही. जे शब्द ओट्यापाशी आणि ओसरीवर जिवंत आहेत, त्यांना छापील पानावर आणि दवाखान्यात प्रवेश नाही, ही आपली अडचण आहे.

शब्दांच्या या नेमकेपणावर बाळ-बाळंतिणीची सुरक्षितता अवलंबून असू शकते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल वेदना-प्रश्नावली तयार केली ती याच जाणिवेतून. रुग्णाने वेदनेसाठी निवडलेले विशेषण हेच निदानाचे साधन होऊ शकते, हे तिचे गृहीत आहे. गरोदरपणात तर हे फार महत्त्वाचे ठरते. दिवसभर उभे राहून संध्याकाळी भरून येणारी कंबर, आणि थांबून थांबून, ठरावीक अंतराने, लाटेसारखी येणारी पाठीतली कळ, या एकच गोष्टी नव्हेत. दुसरी जर सदतीस आठवड्यांच्या आत आली तर ती अकाली प्रसूतीची सूचना असू शकते. कुशीत दुखते आहे, ताप आहे, लघवीला जळजळते आहे, तर तो मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. पायात बधिरपणा किंवा दुबळेपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, या गोष्टी असताना तर क्षणभरही घरी थांबू नये. या सगळ्याला आपण ‘पाठ दुखते’ या एकाच नावाने ओळखतो, आणि सगळ्याला ‘हे चालायचेच’ हे एकच उत्तर देतो. दुखण्याची गोळी आपल्या मनाने घेणेही तितकेच धोक्याचे. गर्भारपणात कोणती चालते आणि कोणती नाही, हे डॉक्टरच सांगू शकतात. पण डॉक्टरांना सांगायचे तर आधी दुखणे सांगता यायला हवे, आणि समोरच्याला ते पुरते ऐकून घेता यायला हवे.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक निरीक्षण. ‘माझी पाठ दुखते’ या वाक्यात कर्ता कोण? पाठ. बाई केवळ षष्ठीत, पाठीची मालकीण म्हणून उरते. ‘मला कळा येताहेत’ यात ती चतुर्थीत येते. वेदना तिच्याकडे चालून येते आणि घर जागे होते. शिवाय ‘दुखते’ हा साधा वर्तमानकाळ आहे. सूर्य उगवतो, पाऊस पडतो, पाठ दुखते. ऐकणाऱ्याला ती सवय वाटते, स्वभाव वाटतो. ‘दुखते आहे’ असे म्हटले तर ती घटना होते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. घरातल्या बायका ‘काही नाही, पाठ दुखते’ असे म्हणतात तेव्हा वाक्याच्या आरंभीचे ‘काही नाही’ हे शब्द पुढचे वाक्य आधीच खोडून टाकतात. आपल्या भाषेने बाईला दुखणे सांगायची ही एकच सभ्य रीत शिकवली आहे.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की साहित्य म्हणजे दुखण्यांची वही नव्हे. प्रत्येक कळ नोंदवली पाहिजे असा आग्रह धरला तर कलेचे काय? हा आक्षेप योग्य आहे, आणि आम्ही नोंदीचा आग्रह धरतही नाही. आमचा प्रश्न निवडीचा आहे. युद्धातली जखम, क्षयाचा खोकला, उपाशी पोटातली आग यांना साहित्याने अर्थ दिला, कारण त्यांत माणसाचे माणूसपण दिसते असे मानले गेले. कोट्यवधी स्त्रिया ज्या दुखण्यातून जातात त्यात ते दिसत नाही, असे कोणी आणि केव्हा ठरवले? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्या मैत्रिणींकडूनच येतो. त्या म्हणतात, गर्भारपणातल्या दुखण्याची वाच्यता करू नका. नोकरी देणारे टपलेलेच असतात, ते म्हणतील की बाईला घेतले की ही कटकट आलीच. ही भीती काल्पनिक नाही. परंतु गप्प राहिल्याने ही भीती आजवर कमी झाली आहे, असे आम्हांला दिसत नाही. लपवलेल्या दुखण्याचा फायदा नेहमी काम करवून घेणाऱ्यालाच होतो.

यावरून आमच्या स्वतःच्या क्षेत्राकडे येणे भाग आहे. महाविद्यालयातल्या व्याख्यानाची प्रतिमाच उभे राहून बोलण्याची आहे. चौथरा, फळा, आणि त्यापुढे उभा असलेला वक्ता. पुष्कळ वर्गखोल्यांत अध्यापकासाठी खुर्चीच नसते. असली तर तिची पाठ मोडलेली असते. सलग तीन तास उभे राहून शिकवणारी सात महिन्यांची गर्भवती सहकारी आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. त्यांतली जी तासिका तत्त्वावर असते तिची स्थिती अधिक बिकट. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. तिला खुर्ची मागणेही जड जाते, कारण पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही हे याच लोकांच्या हातात असते. एका सहकारी मैत्रिणीला तर, ‘बसून शिकवता येत असेल तर घरीच बसा,’ असा विनोद ऐकावा लागला. विनोद करणारे गृहस्थ स्त्रीवादी कवितेवर व्याख्याने देत असत.

विशेष असे की कवींनी जे लिहिले नाही ते कायदा करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात अशी तरतूद होती की गर्भवतीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात तिला अतिकष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि उभे राहण्याविषयीची तरतूद तिच्यातही आहे. हजेरीपटावरच्या रोजंदार स्त्रियांनाही प्रसूतीचे लाभ मिळाले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात मार्च २००० मध्येच दिला होता. कोणती तरतूद कोणत्या संस्थेला कशी लागू पडते, हा विधिज्ञांचा प्रांत आहे. आमचे लक्ष वेधून घेतात ते ‘विनंती केल्यास’ हे दोन शब्द. हक्क आहे, पण तो बोलल्यावर मिळतो. म्हणजे पुन्हा भाषेपाशीच येऊन थांबलो. जिला दुखणे सांगायची भाषा कोणी दिली नाही, जिचे सांगणे कोणी ऐकले नाही, ती विनंती कशी करणार?

म्हणून साहित्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी करण्यासारख्या तीन गोष्टी आम्ही सुचवतो. एक, सुदक्षिणेचा श्लोक किंवा सीतेचा अंक शिकवताना अलंकाराबरोबर शरीराचाही विचार व्हावा. कोणाचे श्रम आणि कोणाचे क्रियापद, हा प्रश्न वर्गात विचारला जावा. दोन, विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी, आपापल्या तालुक्यात, आई-आजी-मावशी यांच्याकडून गर्भारपणातल्या दुखण्यांचे शब्द जमवावेत. वऱ्हाडात काय म्हणतात, कोकणात काय म्हणतात, खानदेशात काय म्हणतात. कोणता शब्द कशासाठी. मुलग्यांनीही विचारावे, थोडे ओशाळवाणे वाटेल, पण आईला बरे वाटेल. असा शब्दसंग्रह भाषाशास्त्राच्या उपयोगाचा ठरेलच, पण गावातल्या आशाताईंच्या आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्याही उपयोगी पडेल. तीन, प्रत्येक वर्गखोलीत अध्यापकासाठी पाठ असलेली एक धड खुर्ची असावी, आणि तिच्यावर बसून शिकवणे हा शिक्षकी पेशाचा अवमान समजला जाऊ नये. तिसरी सूचना पहिल्या दोहोंच्या मानाने किरकोळ वाटेल. तिच्यासाठी समीक्षेची कोणतीही पद्धती लागत नाही. प्राचार्यांच्या नावे एक अर्ज पुरतो, आणि तो अर्ज मराठी विभागाने लिहिला तर त्यात ‘दीर्घकाळ उभे राहणे’ याचा अर्थ नेमक्या शब्दांत सांगता येईल.